डहाळीची पोच

मोठ्या धबधब्याजवळ आपण येत चाललो आहोत हे कानांच्या आधी तळपायांना कळतं. जमीन अगदी बारीक थरथरत असते, बुटांच्या तळव्यांतून ती थरथर घोट्यापर्यंत चढते, आणि मग कितीतरी वेळाने, एखाद्या वळणावर वारा फिरला की, दूर कुणीतरी सुपात धान्य पाखडत असावं तसा आवाज येऊ लागतो. हे मला त्या दिवशी समजलं. तोवर माझ्या तळपायांना नारायण पेठेतल्या आमच्या घराच्या गार फरशीची आणि हडपसरच्या ऑफिसातल्या करड्या गालिच्याचीच काय ती ओळख होती.

भाद्रपदाचा उत्तरार्ध होता. गणपती जाऊन आठवडा झाला होता आणि शहरावर त्या दिवसांत येते तशी एक रिकामी, थकलेली शांतता आली होती. पाऊस जवळजवळ थांबला होता, पण डोंगरांनी तीन महिने पोटात साठवलेलं पाणी अजून सोडायचं राहिलं होतं. मला वाटतं धबधबे पाहण्याचे खरे दिवस हेच. आषाढातलं पाणी गढूळ, घाईचं, स्वतःच्याच भाराने आंधळं झालेलं असतं. भाद्रपदातलं पाणी निवळलेलं असतं, आणि त्याच्यावर पडायला ऊनही असतं. कोवळं, धुतलेलं, गवताच्या टोकाटोकावर थांबत येणारं ऊन.

नव्या शतकाची ती पहिली काही वर्षं होती. हडपसरच्या उसाच्या शेतांमध्ये काचेच्या इमारती उगवत होत्या, आणि आमच्या मजल्याच्या खिडकीतून उसाचा एक शेवटचा हिरवा तुकडा दिसायचा, तो दर महिन्याला थोडा लहान व्हायचा. आम्ही दिवसभर समुद्रापलीकडच्या, कधीही न पाहिलेल्या माणसांसाठी काम करत असू. एक मोठं काम त्या आठवड्यात हातावेगळं झालं होतं, आणि शनिवारी सकाळी आम्ही तिघं दोन गाड्यांवरून निघालो. शिरीष आमच्या गटाचा प्रमुख. पेठेत वाढलेला, वाक्य तोंडातून काढण्याआधी त्याला दोन्ही बाजूंनी धार लावून घेणारा. पल्लवी वर्ध्याकडची, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी, आणि मी आठवड्यात जेवढं बोलत असेन तेवढं सकाळच्या चहाआधीच बोलून मोकळी होणारी. तिच्या स्कूटरवर मागे मी. माझी शाळा इंग्रजी, घर मराठी. दोन्ही भाषा येत असूनही लोकांसमोर दोन्ही भाषा माझ्या गळ्यात अडकत. गप्प राहणाऱ्यांना बघत राहण्याची सवय लागते, तेवढी मात्र मला होती.

गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. मुळशीच्या पलीकडे, जिथे डांबरी रस्ता कंटाळून संपतो, तिथलं ते एक गाव आहे एवढंच पुरे. गावामागच्या डोंगरात एकावर एक असे तीन धबधबे आहेत अशी एक मेल कुठून कुठून फिरत शिरीषपर्यंत आली होती. मेलच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की दरड कोसळल्यापासून ती वाट बंद आहे आणि आता तिकडे कुणी जात नाही. शिरीषला ती ओळ निमंत्रणासारखी वाटली.

शेवटच्या घराच्या पुढे काटेरी तारेचं कुंपण होतं आणि त्याच्यावर गंजलेली पत्र्याची पाटी. दरड कोसळल्यामुळे धबधब्याकडे जाणारी वाट बंद आहे.

"काहून जातो बाप्पा आपण? बंद म्हणजे बंद," पल्लवी म्हणाली.

"वाट बंद आहे असं लिहिलंय," शिरीष म्हणाला. "धबधबा बंद आहे असं कुठे लिहिलंय?"

कुंपणाच्या एका कोपऱ्यात तार वर उचलून काठीला अडकवलेली होती. तिथली माती पायांनी गुळगुळीत झाली होती. मी ते पाहिलं. ज्या वाटेने कुणी जात नाही तिथे माती अशी होत नाही, असं माझ्या मनात आलं आणि मनातच राहिलं.

पलीकडे कारवीचं दाट रान होतं. सोनकीची पिवळी फुलं उतारभर सांडली होती आणि हवेत ओल्या मातीचा, कुजणाऱ्या पानांचा, आणि त्या दोन्हींच्या तळाशी दडलेल्या कुठल्यातरी रानफुलाचा मंद गोड वास होता. वाट पुसली गेली असेल अशी आमची कल्पना होती, पण ती होती. रानातून कुणीतरी बोगदा कोरावा तशी ती झाडोऱ्यातून वर जात होती. गंमत म्हणजे सहा फुटी शिरीषच्या तोंडावर सारख्या फांद्या आपटत होत्या, पल्लवीला मधूनमधून वाकावं लागत होतं, आणि बुटकी मी मात्र मान ताठ ठेवून चालले होते. जणू ही वाट कुणीतरी माझं माप घेऊन शिवली होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझ्या खांद्याच्या आणि डोक्याच्या उंचीवर ठिकठिकाणी फांद्यांचे तिरके कापलेले बुंधे आहेत. काही जुने, काळे पडलेले, काही तांबूस, आणि एखादाच अगदी पांढरा.

पहिला धबधबा वाटेच्या डाव्या अंगाला अचानक आला. तो फार उंच नव्हता, पण एका गुहेसारख्या खोबणीत उतरत होता आणि त्याच्या पडद्याआड नेचे हिरवेगार लटकत होते. आम्ही थांबलो. त्याच्यापुढे दरड होती. डोंगराचा एक आख्खा पदर वरून सुटून खाली दरीत गेला होता. मागे राहिली होती ती तांबडी, उघडी जखम, तिच्यात मुळांसकट उलटे पडलेले वृक्ष आणि घराएवढाले दगड. आणि त्या जखमेवर तेरड्याची गुलाबी फुलं इतकी दाट आली होती की भीती वाटायच्या आधी कौतुक वाटलं. पलीकडे जायला वीतभर रुंदीची जागा होती. मात्र जिथे पाय घसरला असता नेमक्या तिथे कुणीतरी सपाट दगड बसवलेले होते. मी एकेका दगडावर पाय ठेवत, खाली न पाहता पार झाले, आणि दर दगडागणिक मला वाटत राहिलं की इथे माझ्यासारखीच आखूड पावलं टाकणारं कुणीतरी रोज नाही तरी नेमाने येतं.

आणि मग दुसरा धबधबा. त्याचं वर्णन करायला मी अनेकदा बसले आहे आणि अनेकदा उठले आहे. काळ्या कातळाची एक विस्तीर्ण भिंत होती, तिच्या माथ्यावर पाणी अखंड येत होतं, पण भिंतीच्या मध्यावर एक आडवी पायरी असल्यामुळे तिथे ते क्षणभर थबकायचं, फुटायचं, आणि मग शेकडो धारांनी पुन्हा खाली यायचं. वरचं पाणी एक होतं आणि खालचं पाणी अनेक. ऊन तिरकं पडलं की त्या मधल्या तुषारांत इंद्रधनुष्याचा एक तुकडा उभा राहायचा, वारा आला की विझायचा, पुन्हा उभा राहायचा. त्याच्याही वर, फार वर, पठाराच्या ओठावरून तिसरा धबधबा सुटला होता. इतका बारीक की वारा त्याला जमिनीपर्यंत पोचूच देत नव्हता, मध्येच उचलून धुक्यासारखा विखरून टाकत होता. मी चेहरा वर करून उभी राहिले. चष्म्यावर थेंब जमले, मग काहीच दिसेनासं झालं, तरी मी उभी होते. कुणाला काही सांगावं लागत नाही, कुणाला काही समजावून द्यावं लागत नाही, आणि तरीही आपण कुठेतरी हजर आहोत, असं मला फार थोड्या वेळा वाटलेलं आहे. त्यांतली ती एक.

धबधब्यासमोर कातळाचा सपाट ओटा होता. वाऱ्याच्या आड, कोरडा. त्याच्या मागच्या बाजूला, वाट जिथे पुन्हा रानात शिरून वर चढू लागते तिथे, फांद्यांचा एक गुडघाभर उंचीचा ढीग होता.

"बघा, कुणीतरी सरपण रचूनच ठेवलंय," शिरीष म्हणाला. "यालाच म्हणतात नियोजन. आपल्या ऑफिसात नसतं ते."

त्याने पाठीवरच्या पिशवीतून पातेलं आणि नूडल्सची पाकिटं काढली, ऑफिसातल्या रद्दी कागदांचे बोळे केले आणि ढिगाच्या पोटातून वाळक्या काटक्या ओढायला सुरुवात केली. ढीग बाजूने ढासळला. मला दिसलं की तो ढीग थराथरांचा होता. अगदी तळाशी पानांची काळी माती झालेली, त्यावर तपकिरी, त्यावर पिवळट, आणि सगळ्यांत वर एकच हिरवी डहाळी, जणू कुणी हलक्या हाताने ठेवलेली. ढासळलेल्या बाजूला एक गोल दगड उघडा पडला. त्यावर तांबूस डाग होते. शेंदूर असेल, असं वाटलं. शेवाळाचाही असा रंग असतो, असंही वाटलं. दुसरं वाटणं जास्त सोयीचं होतं. बैठकीत चूक दिसली तरी मी दुसऱ्या कुणाला तरी ती दिसेल म्हणून थांबते, तशीच तिथे थांबले.

काटक्या भराभर जळून गेल्या. पाण्याला अजून उकळी यायची होती. "ती वरची पण दे गं," शिरीष म्हणाला, आणि मी ती हिरवी डहाळी उचलून विस्तवात ठेवली. ती पेटली नाही. सूं सूं करत राहिली, आणि तिच्यातून पांढरा, दाट धूर निघाला. त्या कोपऱ्यात वारा नसल्यामुळे तो धूर कुठेही न वळता कातळाच्या कडेकडेने सरळ वर चढत गेला.

नूडल्स शिजत असतानाच खालून एक बाई आल्या. साठीच्या आतबाहेर, माझ्याएवढ्याच उंचीच्या, नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला कोयता, आणि हातात करंजाची एक डहाळी. नंतर कळलं की त्यांचं नाव हौसाबाई. त्या ओट्यावर चढल्या, आमच्याकडे पाहिलं, विस्तवाकडे पाहिलं, आणि मग जिथे ढीग होता त्या जागेकडे पाहिलं.

"कुनी पेटवलं?"

"आम्हीच," शिरीष म्हणाला. "इथे सरपण पडलं होतं, म्हणून..."

"सरपन." त्यांनी तो शब्द चाखून पाहिल्यासारखा उच्चारला. "तुमच्याकडं देवाला सरपन म्हनत्यात व्हय?"

पल्लवीच्या हातातला चमचा पातेल्यात पडला. "मावशी, चुकलं जी आमचं. आमाले मालूमच नव्हतं. आमच्याकडे देवाले एखादी भिंत तरी असते!"

"याला नसती. खाली पाटी नाय वाचली? शिकल्यालं दिसताय."

"वाचली," शिरीष म्हणाला, आणि सवयीने पुढे बोलून गेला, "पण तुम्हीही आलातच की, मावशी."

"मला कुठं वाचाया येतंय!"

एरवी मी हसले असते. पण त्या आमच्याशी भांडायला थांबल्याच नाहीत. ढिगाच्या उरलेल्या भागापाशी उकिडव्या बसल्या आणि कोयत्याच्या टोकाने पानं उलटीपालटी करू लागल्या. आधी मला वाटलं देवाचा दगड झाकताहेत. मग लक्षात आलं, त्या काहीतरी शोधताहेत. राखेतून, चिखलातून, पसरलेल्या काटक्यांतून, एकेक पान उचलून, डोळ्यांजवळ धरून, टाकून देऊन.

"हिरड्याची डहाळी व्हती का हितं? वर ठेवल्याली?"

"होत्या पुष्कळ फांद्या, मावशी," शिरीष ओशाळून म्हणाला. "आमचं लक्ष नव्हतं."

पल्लवी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने विचारलं, म्हणून आम्हाला कळलं. वर पठारावर एक वाडी आहे. सात घरं होती. सहा रिकामी झाली, माणसं पुण्याला गेली. सातव्या घरात हौसाबाईंची थोरली बहीण, आक्का, दोन म्हशींबरोबर एकटी राहते. तिचा मुलगा हडपसरला एका कारखान्यात कामाला आहे, चाळीतून सोसायटीत गेला आहे, आईला चल म्हणतो. "ती म्हनती, येते की. पर म्हशी लिफ्टमधी चढतील का, ते इचारून ये आधी," हौसाबाई म्हणाल्या, आणि हे सांगतानाही त्यांचे हात पानं उलटत होते.

दरड पडायच्या आधी ही वाट रुंद होती. हौसाबाई सकाळी निघून जेवायला वर पोचत. आता अर्ध्या वाटेवर या ओट्यापर्यंत यायलाच दुपार होते, आणि आक्काचेही गुडघे तिला वरून इथवरच आणतात. गाडीरस्त्याने जायचं तर तीन एसट्या बदलून अख्खा डोंगर फिरून पलीकडे जायचं आणि वर पुन्हा चालायचं. सुरुवातीला दोघींनी इथे भेटायचे दिवस ठरवून पाहिले. एकदा आक्काची म्हैस व्याली आणि ती आलीच नाही. हौसाबाई दिवस मावळेपर्यंत थांबल्या आणि परतताना दरडीवर पाय निसटला. पुढच्या भेटीत दोघींनी ठरवलं की आता थांबायचं नाही. जिला जेव्हा जमेल तिने यावं, इथल्या या डहाळ्या देवाला डहाळी वाहावी आणि आपल्या वाटेने परत जावं. खालच्या ओढ्याला करंज आहे, तो वर नाही. वर हिरडा आहे, तो गावात नाही. करंज दिसला की आक्काला कळतं, हौसा आहे. हिरडा दिसला की हौसाबाईंना कळतं, आक्का आहे.

आमच्या ऑफिसात मेल पाठवली की ती उघडली गेल्याची पोच यावी म्हणून एका चौकटीत खूण करायची असते. दहा मिनिटांत पोच आली नाही की आम्ही फोन उचलतो. हौसाबाई बोलत होत्या आणि मला राहून राहून त्या चौकटीची आठवण येत होती. तेव्हापासूनची दोन वर्षं या दोघी एकमेकींना न पाहता, न ऐकता, केवळ एका पानाच्या हिरवेपणावर एकमेकींचं असणं मोजत आल्या होत्या.

"मागल्या दोन खेपंला तिची डहाळी नव्हती," हौसाबाई म्हणाल्या. "आज बी नसली तर उद्या कुनाला तरी संगं घिऊन तिकडून गाडीरस्त्यानं वर जायचं, असं ठरवून आल्ये. आन् तुमी तर सगळंच खाऊन ठेवलं."

पातेल्यातलं पाणी उकळून विस्तवात सांडलं. कुणी ते उतरवलं नाही.

मला माहीत होतं. आम्हा तिघांमध्ये फक्त मलाच माहीत होतं. मग मी स्वतःचाच आवाज ऐकला. "होती, मावशी. सगळ्यांत वर होती. एकच."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हिरड्याची?"

"मला हिरडा ओळखता येत नाही."

"पान कसं व्हतं?"

मी सांगितलं. माझ्या हाताच्या पंजाएवढं लांब, मध्ये रुंद, टोकाला निमुळतं, शिरा ठळक. त्या प्रत्येक शब्दावर मान हलवत होत्या.

"मान टाकली व्हती का पानानं?"

"नाही. ताठ होतं."

"दांडा? मोडला व्हता का कापल्याला?"

"कापलेला. तिरका."

"आतून काळा? लाल?"

"पांढरा," मी म्हणाले. "कडेला थोडासा पिवळसर. आत पांढरा."

"एवढं कसं दिसलं तुला?"

"मी हातात घेतली होती." याच्यापुढे एक वाक्य होतं आणि ते मला टाळता आलं असतं. "घेतली आणि विस्तवात टाकली."

हौसाबाई विस्तवाकडे वळल्या.

"पेटली?" हौसाबाईंनी विचारलं.

"नाही. टोकाला फेस आला. धूरच झाला नुसता."

त्या खाली बसल्या; उकिडव्या नव्हे, मांडी घालून. कोयता बाजूला ठेवला. "म्हंजी सकाळची," त्या म्हणाल्या. "आजच्या सकाळची. म्हशी सोडून लगीच आली आसंल." मग पदराने तोंड पुसत, "डोळं बरं हायेत तुझं. तोंड कुठं ठिवलं व्हतंस एवढा येळ?"

शिरीषच्या इतक्या वर्षांतल्या एकाही वाक्याला ती धार नव्हती. आणि तरी त्या बोलण्यात राग नव्हता; असलाच तर वडीलधाऱ्या बाईने पोरीच्या केसांतली गुंत ओढून काढावी तेवढाच होता.

शिरीषने मुकाट्याने विखुरलेली पानं गोळा केली आणि दगडाभोवती पुन्हा लावली. त्याच्या लांब हातांना ते काम जमत नव्हतं आणि तो ते सोडतही नव्हता. हौसाबाईंनी त्याला रीत सांगितली. या देवाला कुठलंही झाड ओरबाडून आणायचं नाही. घरून एक डहाळी आणावी. नसली तर वाटेत जी फांदी तोंडावर येते तीच तोडायची आणि तीच वाहायची. पूर्वी गावातलं येणारंजाणारं प्रत्येक माणूस असं करायचं. मला एकदम उमगलं की ही वाट कुणी कधी मुद्दाम राखलीच नव्हती. देवाला वाहता वाहता ती मोकळी राहत आली होती. पाटी लागली, माणसं थांबली. मग या एकट्या बाईच्या उंचीएवढीच वाट उरली. मी ताठ मानेने चालत आले होते ती तिच्या कापलेल्या फांद्यांखालून.

"मीच तोडायला पाहिजेत त्या सगळ्या," शिरीष म्हणाला. "एकूण एक माझ्याच तोंडावर आल्यात."

"मग जाताना तोड की. उगा उंची घिऊन हिंडतोय."

पल्लवी हसली आणि हौसाबाईही हसल्या. पण त्यांचं हसू पुरतं विरायच्या आतच चेहऱ्यावर दुसरी चिंता उतरली. आक्का पुन्हा येईल, तेव्हा हे काळं पडलेलं पाहील. तिला कमी दिसतं. वीज पडली म्हणेल, नाही तर आणखी काही. हातातल्या करंजाच्या डहाळीकडे पाहत त्या बसून राहिल्या, जणू एवढ्याशा पानांना एवढं सगळं सांगता येईल की नाही याचा अंदाज घेत होत्या.

तेव्हा पल्लवीने वर बोट केलं. तिसऱ्या धबधब्याच्या उजव्या अंगाला, पठाराच्या कडेवर, एक पांढरी बारीक रेघ आभाळात उभी होती.

"ढग आहे," शिरीष म्हणाला.

"ढग असा एका जागेवरून निघत असते काय? धूर हाय तो."

"चुलीचा असेल."

हौसाबाई उठल्या होत्या. कपाळावर हात धरून पाहत होत्या. "ह्या वक्ताला तिची चूल नसती पेटत," त्या हळूच म्हणाल्या. "आन् चुलीचा धूर निळा असतो. ह्यो वल्या पाल्याचा हाय."

आमचा धूर कातळाच्या कडेने सरळ वर गेला होता, ते मला आठवलं. जिथे कधी धूर येत नाही तिथून तो वर आलेला पाहून, म्हशींमागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने काय विचार केला असेल? की काहीच विचार केला नसेल, समोर असलेली फांदी तोडून पेटवली असेल? की तिने काहीच केलं नसेल आणि ते खरोखरच उन्हात चढणारं धुकं असेल?

हौसाबाईंनी करंजाची डहाळी दगडावर ठेवली नाही. त्या विस्तवापाशी गेल्या, पातेलं पायाने बाजूला सारलं आणि ती डहाळी, सगळ्या हिरव्या पानांसकट, निखाऱ्यांवर आडवी घातली. पानं आकसली, चरचरली, आणि तोच दाट, पांढरा धूर पुन्हा उठला. आम्ही चौघंही माना वर करून पाहत राहिलो. त्याला वर चढायला किती वेळ लागला मी मोजलं नाही. तो कातळ ओलांडून गेला, तुषारांत थोडा विरघळला, पुन्हा गोळा झाला आणि पठाराच्या दिशेने चालत राहिला.

मग हौसाबाईंनी कोयता कमरेला खोवला. आम्हाला वाटलं होतं, त्या आता थांबतील. वरून काही उत्तर येतं का ते पाहतील. उत्तर इतकं हाताशी आलेलं असताना कोण थांबणार नाही? पण त्यांनी देवाच्या दगडाला हात लावून तो कपाळाला लावला, "विस्तव नीट इझवून या," असं शिरीषला बजावलं, आणि त्या उतरायला लागल्यासुद्धा.

मी वर पाहत राहिले. वरची रेघ दाट झाल्यासारखी वाटली, मग दोन रेघा वाटल्या, मग वाऱ्याने तिसऱ्या धबधब्याचं पाणी तिथवर उडवलं आणि कुठलं पाणी, कुठला धूर, कुठलं आभाळ ते सांगता येईना. त्यांना हाक मारून सांगावं म्हणून मी वळले. या खेपेला मला बोलायची भीती वाटली नव्हती. पण सांगायचं काय? जे दिसलं ते, की जे दिसावं असं वाटत होतं ते?

हौसाबाई तेव्हा दरडीवर पोचल्या होत्या. तेरड्याच्या गुलाबी रानातून, स्वतःच बसवलेल्या एकेका दगडावर पाय ठेवत त्या सावकाश पलीकडे जात होत्या, आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यांना खात्री होती म्हणून, की मागे पाहिलं असतं तर ती खात्री उरली नसती म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.